त्र्याहत्तराव्या रेखांशावरचा बांध

पंधरा एप्रिलच्या सकाळी आम्ही चौघं सारसोळ्याच्या जेट्टीवर जमलो. काम एकच होतं. समोरच्या खाडीत, कांदळवनाच्या पोटात, एका बंद पडलेल्या मिठागराचा मोडका बांध आहे. नकाशावरची त्र्याहत्तर अंश पूर्व ही रेषा त्या बांधावरून जाते. तिथे पोहोचायचं, सूर्य मोजायचा, आणि ही जागा खरोखरच त्र्याहत्तर अंशांवर आहे हे स्वतःच्या हातांनी काढून आईला दाखवायचं.

हे वेड कशासाठी, ते आधी सांगते.

माझा धाकटा भाऊ अभय मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर होता. गेल्या वर्षी पॅसिफिक महासागरात, वादळी हवेत, डेकवरच्या साखळ्या आवळायला गेलेल्या तिघांवर लाट आली. दोघं वाचले. अभय सापडलाच नाही. जहाज कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं : तारीख चौदा एप्रिल, जहाजाच्या घड्याळात दुपारचे चार वीस, रेखांश एकशे पासष्ट अंश पश्चिम.

आईनं त्यातली फक्त तारीख वाचली. चौदा एप्रिल!

त्या संध्याकाळी नेरूळला जयंतीची मिरवणूक होती. आई पांढरी साडी नेसून गेली होती आणि बायकांनी ओढल्यावर ताशापुढे नाचलीही होती. आयुष्यात पहिल्यांदा. पत्र आल्यापासून तिच्या तोंडी एकच वाक्य होतं, "माझं लेकरू बुडत होतं आन् मी नाचत होते."

माझे वडील रावसाहेब, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यांनी तिला कितीदा समजावलं. "वेणू, पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. चार मिनिटांना एक अंश. अभयचं जहाज वाररेषेच्या पलीकडे होतं. तिथं चौदा तारखेची दुपार होती तेव्हा आपल्याकडं पंधरा तारीख उजाडली होती. सकाळचे आठ पन्नास. मिरवणूक आदल्या रात्रीच संपली होती."

आई म्हणायची, "आकडे तुमच्या हातात आहेत. माझ्यासाठी फिरवताय."

या वर्षीच्या जयंतीला तिनं घराचं दार उघडलं नाही.

अभयच्या सामानाच्या पेटीतून दोन वस्तू आल्या होत्या. एक त्याचं घड्याळ, ग्रीनिचच्या वेळेवर लावलेलं. दुसरा त्याचा सेक्स्टंट, म्हणजे सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते मोजायचं पितळी यंत्र. शेवटच्या सुट्टीत त्यानंच नकाशावर त्या बांधापाशी पेन्सिलीनं फुली मारली होती. "अण्णा, पुढच्या वेळी तिथं नेतो तुम्हाला. फोन बंद ठेवून रेखांश काढून दाखवतो." ती पुढची वेळ आली नाही. मग अण्णा सहा महिने गच्चीवर एकटे बसून ते यंत्र शिकले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गच्चीवरून रेखांश अपूर्णांकात येतो, बांधावर तो पूर्ण येईल. शिवाय वर्षातल्या बहुतेक दिवशी सूर्य घड्याळाच्या थोडा मागेपुढे चालतो आणि हिशेबात दुरुस्ती करावी लागते. पंधरा एप्रिलला ती जवळजवळ शून्य असते. दुरुस्ती केली की आई पुन्हा म्हणणार, फिरवलंत.

"एवढं एक घरी तिच्यासमोर सरळ सुटलं," अण्णा मला म्हणाले, "की पुढचं ती मानेल."

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते नंतर येईलच.

होडी नामाकाकांची होती. सारसोळ्यातच जन्मलेले, साठी उलटलेले, अण्णांपेक्षा काटक. त्यांची दोन्ही मुलं अण्णांच्या हाताखाली शिकलेली. सोबत त्यांची बायको भागीरथीकाकी. खेकडे आणि कालवं काढण्यात तिची चाळीस वर्षं चिखलात गेली होती.

"चिखलात उतरायचा असंल तं मी पायजेच," ती म्हणाली आणि कोणी काही विचारायच्या आत होडीत बसली.

नामाकाकांनी पाण्याकडे पाहिलं. "सर, आयका. एकला भरती पुरी होईल. पुनव होऊन दोनच दिवस झालेत, पानी लय चढंल आन् लय उतरंल. साडेतीनच्या आत निगालो नाय तं होडी चिखलाव बसली समजा. मंग रातच्या भरतीपरत कोनी यवू शकनार नाय."

"तीनला माझं काम संपतं," अण्णा म्हणाले.

पावणेनऊला निघालो. मागे पाम बीच रोडवरच्या गाड्या दिसत होत्या, त्यामागे उंच इमारतींच्या काचा चमकत होत्या. दहा मिनिटांत कांदळवनानं ते सगळं झाकून टाकलं. दोन्ही बाजूंना झाडांची मुळं भाल्यांसारखी चिखलातून वर आलेली, मधे चहाच्या रंगाचं पाणी, आणि त्या पाण्यावर न हलणारी उष्ण हवा. लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती. अण्णा होडीच्या मधोमध बसले होते. पेटी मांडीवर, दोन्ही हात पेटीवर. त्यांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातला आहे. गोळ्या माझ्या पिशवीत होत्या.

पहिलं विघ्न अर्ध्या वाटेवर आलं. इंजिन खरखरलं आणि बंद पडलं. पंख्याला जुनं नायलॉनचं जाळं गुंडाळलं होतं! नामाकाका तोंडात सुरी धरून पाण्यात उतरले. एकदा बुडी मारली, दोनदा, तिसऱ्यांदा वर आले तेव्हा अंगठ्यातून रक्त वाहत होतं.

"किती वाजले?" अण्णांनी विचारलं.

"साडेनऊ."

"दहा एकोणीसला पहिलं माप घ्यायचंय, मैत्री. ते चुकलं तर सगळं चुकलं."

पुन्हा बुडी. जाळं सुटलं! उरलेली वाट अरुंद होत गेली, फांद्या अंगावर ओरबाडू लागल्या, आणि दहाला पाच कमी असताना एका वळणावर तो बांध दिसला. दगड आणि मातीचा, जागोजागी खचलेला, वर खुरटं गवत. लांबी जेमतेम चाळीस पावलं. होडी मुळाला बांधून आम्ही चढलो. फोनवर पाहिलं तर त्र्याहत्तर पूर्णच्या पुढे नुसती शून्यं होती.

"तो बंद कर," अण्णा म्हणाले.

आम्ही बांधाच्या मध्यावर स्टीलचं ताट ठेवून त्यात काळं इंजिन ऑइल ओतलं. खाडीत मोकळं क्षितिज दिसत नाही, म्हणून हा उपाय. तेलाच्या स्थिर आरशात सूर्याचं प्रतिबिंब पडतं, आणि यंत्राचा दांडा सरकवत आकाशातला सूर्य त्या प्रतिबिंबावर आणून टेकवायचा. ताट जरा हललं तरी काम बिघडतं, त्यामुळे होडीतून हे जमलं नसतं. सकाळी एकदा माप घ्यायचं आणि दांडा तिथेच घट्ट करायचा. दुपारी सूर्य उतरताना पुन्हा त्याच उंचीवर येतो, तो क्षण पकडायचा. दोन वेळांच्या बरोबर मध्यावर इथली खरी दुपार. ती ग्रीनिचच्या घड्याळात किती वाजता झाली ते कळलं की रेखांश हातात.

अण्णांनी गुडघे टेकले. काळ्या काचेतून पाहत दांडा सरकवू लागले. मी अभयचं ग्रीनिचचं घड्याळ धरून बसले; ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. भागीरथीकाकीनं वाऱ्याकडे पदर पसरून धरला.

"तयार... जवळ आले... आता!"

"चार एकोणपन्नास आणि आठ सेकंद!"

अण्णांनी स्क्रू आवळला आणि हसले. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "आणतोय बघ खाली त्याला," ते सूर्याकडे बोट करून म्हणाले. "अभय म्हणायचा, आपण कुठं आहोत ते बघायचं असेल तर सूर्याला कान धरून समुद्रावर बसवायचं, अण्णा."

मग वाट पाहणं आलं. साडेचार तास. पाणी हळूहळू चढत गेलं. बाराच्या सुमारास बांधाचं एक टोक बुडालं, मग दुसरं. एक वाजता आमच्याकडे खोलीएवढी जागा उरली होती आणि चारही बाजूंना पाणी. आम्ही भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. अण्णा अभयबद्दल बोलत राहिले. लहानपणी तो पृथ्वीचा गोल उशाला घेऊन झोपायचा. पहिल्या पगारात त्यानं आईला शिलाई मशीन घेतलं. मी ऐकत होते.

"तू काही बोलत नाहीस," अण्णा म्हणाले.

"ऊन फार आहे," मी म्हटलं.

दोनला ओहोटी लागली होती. पाणी ओढ घेऊ लागलं, आणि त्याच ओढीनं दुसरा घाव घातला. होडी ज्या मुळाला बांधली होती ते मूळ मातीसकट उपटलं गेलं!

"होडी! होडी चालली!" भागीरथीकाकी ओरडली.

नामाकाकांनी पाण्यात उडी टाकली. होडी वळणाआड गेली, मागोमाग त्यांचं डोकंही. आम्ही हाका मारत राहिलो. बऱ्याच वेळानं लांबून उत्तर आलं, "धरली! इंजिन घेत नाय... बांबूनं आनतोय!"

मी सुटकेचा श्वास टाकला. अडीच वाजून गेले होते. अण्णा पुन्हा ताटापाशी गेले. तेलावर गवताची काडी पडली होती. ताटाला धक्का न लावता ती काढायला ते बांधाच्या कडेकडून वाकले आणि एक पाय खाली टेकवला.

कड खचली!

आवाजही मोठा झाला नाही. माती पाण्यात गेली आणि तिच्याबरोबर अण्णा. मी धावले तेव्हा ते कमरेपर्यंत चिखलात होते. दोन्ही हात हवेत. डोळे मोठे.

मी हात पुढे केला.

"थांब!" भागीरथीकाकीनं मला मागे ओढलं. "तू पन जाशील! पालथी पड. पोटाव पड!"

ती स्वतः पालथी झाली. उतरताना होडीतल्या दोन फळ्या तिनं बसायला वर आणल्या होत्या. त्या चिखलावर टाकून ती सरपटत अण्णांपर्यंत पोहोचली. मी मागोमाग.

"सर, हलू नका! जेवरं हलाल तेवरं खाली जाल."

पण अण्णा हलत होते. धडपडत होते, ओठ निळसर झाले होते, आणि नजर माझ्या खांद्यावरून मागे, बांधावर ठेवलेल्या यंत्राकडे होती.

"किती वाजले?"

"अण्णा, गप्प राहा."

"किती वाजले, मैत्री!"

"दोन पन्नास," मी माझ्या मनगटावर बघून म्हटलं.

"सात मिनिटं राहिली! सोड मला. जा, सूर्य बघ! स्क्रू आवळलेला आहे, नुसतं डोळा लावून बस. दोन सूर्य टेकले की घड्याळ बघ. जा!"

"नाही."

"पानी उतारतंय," काकी दातओठ खात म्हणाली. तिचा हात खांद्यापर्यंत चिखलात गेला होता. ती अण्णांच्या पायाभोवतीची जागा मोकळी करत होती. "पानी गेला का चिखोल घट्ट व्हतो. मंग यो सुटनार नाय. रातची भरती येईल डोक्यावरून. पोरी, धर सरांना!"

मी दोन्ही हातांनी त्यांना काखेत धरलं. त्यांचं हृदय माझ्या हाताला लागत होतं, कसंही, वेडंवाकडं.

"तुझ्या आईसाठी सांगतोय मी!" अण्णा रडत होते. "तिला दुसरं काही पटणार नाही. जा ना गं!"

"नको आहे ते माप!" मी ओरडले. "पुरावा आहे माझ्याकडे! वर्षभर आहे!"

ते माझ्याकडे बघत राहिले.

मग मी सांगितलं, चिखलात तोंड अर्धं बुडवून. गेल्या वर्षी पंधरा तारखेला सकाळी मी ऐरोलीच्या ऑफिसातून रात्रपाळी करून आले होते. रात्रभर लंडनच्या वेळेनं काम केलेलं. नुकता डोळा लागला होता. फोन वाजला. अभयचं नाव होतं, जहाजावरच्या इंटरनेटवरून. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी फोन कापला. कूस बदलली आणि झोपले. चाळीस मिनिटांनी ती लाट आली. अण्णांनी पहिल्यांदा तो हिशेब मांडला त्याच दिवशी मला हे कळलं होतं. कोणाला सांगायचं धाडस झालं नाही. त्या कॉलची नोंद अजून फोनमध्ये आहे. तारीख, वेळ, सगळं. आई रोज रडत होती, आणि मला ते दाखवता आलं नाही, कारण ते दाखवलं तर हेही दिसलं असतं.

अण्णा हलायचे थांबले.

"कापलास?" त्यांनी विचारलं.

"हो."

बांधावर अभयचं घड्याळ पडलं होतं. त्या क्षणी सूर्य सकाळच्या उंचीवर आला असेल, तेलात टेकला असेल. कोणी पाहिलं नाही. अण्णांनी डोकं माझ्या हातावर टेकवलं आणि अंग सैल सोडलं.

"अस्संच!" काकी म्हणाली. "अस्संच रावा, सर. पाय ढिला झाला. आता मागं झुका, झोपल्यासारका... पोरी, वढ! हलूहलू!"

एक पाय सुटला. चिखलानं तो सोडताना घशातून यावा तसा आवाज केला. मग दुसरा. आम्ही त्यांना फळीवर पाठीवर घेतलं. तिघंही काळे, तिघंही धापा टाकत. तेवढ्यात वळणावरून बांबूचा ठोका ऐकू आला. नामाकाका!

पण होडीला आता बांधाशी येण्याएवढं पाणी नव्हतं. वीस पावलांवर ती तळाला घासून थांबली. साडेतीनला पाच मिनिटं होती. आम्ही अण्णांना फळीवरून ओढत तिथपर्यंत नेलं आणि आत घेतलं. मी त्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली.

"यंत्र," मी म्हटलं. "मी आणते."

"पानी बग!" नामाकाका गरजले. "तू परत येईपरत होडी बसंल."

मी अण्णांकडे पाहिलं. ते बांधाकडे पाहत होते. उन्हात पितळ चमकत होतं, शेजारी ताट, घड्याळ. आयुष्यात एवढं अवघड त्यांनी काही ठरवलं नसेल.

"राहू दे," ते म्हणाले. "चला."

पुढचा तास बांबूचा आणि खांद्यांचा होता. दोनदा होडी अडकली. दोनदा काकी आणि मी पाण्यात उतरून तिला ढकललं, शिंपल्यांनी तळवे फाटले. शेवटच्या वळणावर तळाखाली बोटभर पाणी उरलं होतं. ढकल! अजून! आणि होडी मुख्य खाडीत सरकली. समोर जेट्टी होती. इमारतींच्या काचांवर दुपारचं ऊन होतं आणि पाम बीचवरून गाड्या नेहमीसारख्या धावत होत्या.

होडीत अण्णा एकदाच बोलले. "आईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी नामाकाका यंत्र आणायला गेले, तेव्हा बांधाचा तो तुकडाच उरला नव्हता.

दवाखान्यात अण्णांना दोन दिवस ठेवून घेतलं. पहिल्या संध्याकाळी, त्यांची प्रकृती ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर, मी घरी आले. आईला निरोप पोहोचला होता. तिनं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाजूला झाली.

मी आत जाऊन जमिनीवर बसले. फोन काढला, अभयचं नाव उघडलं आणि तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा लावला. एक एक अक्षर वाचलं. पंधरा एप्रिल. सकाळी आठ दहा. उचलला नाही.

मग विचारलं, "हा त्यानंच केलता?"

"हो."

"मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी?"

"हो, आई."

"म्हंजी तवा जिता होता."

मी मान हलवली. तिनं फोन छातीशी धरला आणि डोळे मिटले. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि मग पुन्हा आवळला गेला. ती माझ्याकडे वळली.

"एक वर्ष, मैत्री," ती म्हणाली. "एक वर्ष तू मला..."

तिनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

"झोपली होतीस?" तिनं विचारलं.

"हो."

"रातपाळी होती," आई स्वतःशीच म्हणाली.

मग तिनं मला जवळ ओढलं, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्या केसांत वाळलेल्या चिखलाच्या खपल्या बोटांनी एक एक करून काढायला सुरुवात केली.